एक चाचणी, तेरा केंद्रे: एचपीटीएन ०५२ आणि पुण्याचे केंद्र

एचआयव्हीवरील औषधे लवकर सुरू केली तर बाधित व्यक्तीकडून तिच्या जोडीदाराला होणारी लागण रोखता येते का, या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी एचपीटीएन (एचआयव्ही प्रतिबंधाच्या चाचण्या घेणारे आंतरराष्ट्रीय जाळे) या जाळ्याची ०५२ क्रमांकाची चाचणी नऊ देशांतील तेरा केंद्रांवर एकाच प्रोटोकॉलनुसार, म्हणजे लेखी कार्ययोजनेनुसार, घेण्यात आली. बोट्स्वाना, ब्राझील, केनिया, मलावी, दक्षिण आफ्रिका, थायलंड, झिम्बाब्वे आणि अमेरिका यांच्यासोबत भारतही तीत होता. भारतातील दोन केंद्रांपैकी एक चेन्नईला होते आणि दुसरे पुण्यात, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, म्हणजे सगळे जिला ‘नारी’ म्हणून ओळखत तेथे. २००५ मध्ये प्राथमिक टप्पा झाला, जून २००७ ते मे २०१० या काळात मुख्य नोंदणी झाली, एकूण १,७६३ जोडपी सहभागी झाली आणि लवकर उपचाराने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हा निष्कर्ष १२ मे २०११ रोजी जाहीर झाला. अमेरिकेतील डॉ. मायरन कोहेन हे या चाचणीचे प्रमुख संशोधक होते.

निष्कर्षाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तो ज्या यंत्रणेतून निघाला तिच्याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हे प्रकरण निवडले. तेरा केंद्रांपैकी एक पुण्यात उभे राहण्यासाठी येथे आधीपासून काय असावे लागले, चाचणी चालू असताना काय सांभाळावे लागले आणि ती संपल्यावर कोणते प्रश्न शिल्लक राहिले, हे येथे क्रमाने पाहायचे आहे. बहुकेंद्री संशोधनाचे जाळे उभारायचे ठरले की पहिली बैठक निधी आणि करारांवर होते, दुसरी प्रोटोकॉलवर होते, आणि केंद्रे कोणती असावीत हा विषय त्यानंतर येतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा, आणि पुण्याचे उदाहरण ते पुरेसे स्पष्टपणे दाखवते.

आधीची पंधरा वर्षे

नारीची स्थापना १९९२ ची. भारतात एचआयव्हीची लागण चेन्नईमध्ये १९८६ साली प्रथम आढळली होती, आणि नव्वदीच्या सुरुवातीला पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत येणाऱ्या रुग्णांमध्ये ती झपाट्याने वाढत असल्याचे दिसू लागले होते. १९९३ पासून या चिकित्सालयांत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने नियमित नोंदी ठेवण्याचे काम सुरू झाले. बुधवार पेठेपासून जवळच असलेला गाडीखाना दवाखाना आणि ससून रुग्णालय ही पुणेकरांच्या ओळखीची ठिकाणे त्या कामाशी जोडलेली होती.

त्या नोंदींतून निघालेला एक निष्कर्ष या प्रकरणाच्या मुळाशी आहे. मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात चिकित्सालयांत आलेल्या ९१६ स्त्रियांचा अभ्यास डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी ५२५ स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या होत्या आणि त्यांच्यातील सुमारे निम्म्या बाधित होत्या, हे धक्कादायक असले तरी अपेक्षेबाहेरचे नव्हते. उरलेल्या ३९१ स्त्रियांमध्येही १३.६ टक्के बाधित आढळल्या, आणि त्यांतील बहुसंख्य विवाहित, नवऱ्याखेरीज कोणाशीही शरीरसंबंध नसलेल्या अशा होत्या. त्यांच्यापुरता लागणीचा धोका त्यांच्या स्वतःच्या वर्तनात नव्हताच, तो त्यांच्या लग्नात होता. कंडोमचा आग्रह धरण्याची मुभा घरात क्वचितच मिळणाऱ्या या स्त्रियांना ‘सुरक्षित वागा’ एवढाच सल्ला देऊन भागणार नाही, याची जाणीव पुण्यातील संशोधकांना आणि समुपदेशकांना एचपीटीएन ०५२ च्या कितीतरी आधीपासून होती.

म्हणून बाधित जोडीदारावर उपचार करून दुसऱ्याला वाचवता येईल का, हा चाचणीचा प्रश्न पुण्याला बाहेरून आणून दिलेला नव्हता. तो येथील ओपीडीत आधीच उभा होता. केंद्र निवडताना रुग्णसंख्या, प्रयोगशाळा आणि कर्मचारी या गोष्टी तपासल्या जातात आणि त्या तपासायलाच हव्यात, परंतु चाचणीचा प्रश्न हा त्या केंद्राचा स्वतःचा प्रश्न आहे का, हे विचारणारा रकाना त्या तपासणीत असायला हवा असे मला मनापासून वाटते. प्रश्न आपला असेल तर पाचव्या वर्षीही समुपदेशक त्याच तळमळीने बोलतो. नसेल तर नोंदणी संपताच उत्साह संपतो.

शहरात आणखी एक जमेची बाजू होती. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून येथे जॉन्स हॉपकिन्सच्याच सहकार्याने स्वतंत्र संशोधन चालू होते. आईच्या दुधातून बाळाला होणारी लागण रोखण्यासाठी सहा आठवडे नेव्हिरापिन देण्याची चाचणी तेथे इथिओपिया आणि युगांडातील केंद्रांबरोबर झाली आणि तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच शहरात दोन संस्था बहुकेंद्री शिस्तीने काम करत असल्या की प्रशिक्षित परिचारिका, समुपदेशक, डेटा पाहणारे आणि औषधभांडार सांभाळणारे लोक तयार होतात आणि शहरातच राहतात. हे मनुष्यबळ कोणत्याही करारात लिहिलेले नसते, तरीही जाळे त्याच्यावरच उभे असते.

तेरा केंद्रे कशासाठी

एवढा मोठा पसारा का मांडायचा, याचे उत्तर साध्या गणितात आहे. चाचणीत सर्व जोडप्यांना समुपदेशन, कंडोम आणि नियमित तपासणी मिळत होती. अशा परिस्थितीत नवी लागण मुळातच कमी होते, आणि तसेच व्हायला हवे. २०११ मधील विश्लेषणाच्या वेळी १,७६३ जोडप्यांत मिळून ३९ नव्या लागणी झाल्या होत्या, म्हणजे सरासरी काढली तर एका केंद्रामागे तीन. तीन घटनांवरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. प्रत्यक्षात तर बहुतांश घटना आफ्रिकेतील केंद्रांवर घडल्या. पुण्यातील केंद्राने एकट्याने हीच चाचणी घेतली असती, तर अनेक वर्षे घालवूनही हाती अनिश्चितताच आली असती, आणि सहभागी जोडप्यांनी पत्करलेली गैरसोय व्यर्थ गेली असती. उत्तर देण्याइतकी माणसे जमवता येत नसतील तर चाचणी सुरूच करू नये. जाळ्याची नैतिक बाजू येथूनच सुरू होते.

परंतु तेरा ठिकाणचे आकडे एकत्र करायचे तर ते एकाच मापाने मोजलेले असले पाहिजेत, आणि प्रयोगशाळा हा म्हणूनच या प्रकरणातील सर्वांत भरीव भाग आहे. चाचणीत प्रवेशासाठी बाधित व्यक्तीचा सीडी४ आकडा, म्हणजे रक्तातील प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या, ३५० ते ५५० च्या दरम्यान हवा होता. एका गटात औषधे लगेच सुरू होणार होती. दुसऱ्या गटात लागोपाठच्या दोन तपासण्यांत आकडा २५० किंवा त्याखाली आल्यावर, अथवा एड्सशी निगडित आजार दिसल्यावर सुरू होणार होती. म्हणजे एका माणसाला औषध कधी मिळणार, हे एका यंत्रातून निघणाऱ्या आकड्यावर अवलंबून होते. सीडी४ चा आकडा दिवसाच्या वेळेनुसार बदलतो, सर्दीतापानेही हलतो, आणि नमुना यंत्राजवळ पोहोचायला उशीर झाला तर तो विश्वासार्ह राहत नाही. लागोपाठ दोन आकड्यांची अट त्यासाठीच होती. शिवाय पुण्यातला २५० आणि हरारेतला २५० एकच आहे, याची खात्री बाह्य गुणवत्ता तपासणीतून करून घ्यावी लागते. एकाच रक्ताचे नमुने अनेक प्रयोगशाळांना पाठवतात, प्रत्येकीचा आकडा इतरांशी ताडून पाहतात, आणि ज्या प्रयोगशाळेचा आकडा फार दूर जातो तिला कारण शोधून दुरुस्ती केल्याखेरीज पुढे जाता येत नाही. नारीची प्रयोगशाळा देशातील सीडी४ तपासणी केंद्रांसाठीही अशा गुणवत्ता तपासणीचे काम पाहत आली आहे, आणि या कामाचा उपयोग चाचणीपुरता न राहता सरकारी एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रांपर्यंत पोहोचला, ही पुण्याच्या वाट्याची फार मोलाची गोष्ट मी मानतो.

व्हायरल लोडसाठी, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजण्यासाठी, रक्तातील प्लाझ्मा एका दिवसाच्या आत वेगळा करून उणे ७० अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड ठेवावा लागतो, आणि काही नमुने पुढे वर्षानुवर्षे जपावे लागतात. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची जुनी पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या वाक्यामागचे कष्ट लगेच कळतील. फ्रीजरला जनरेटर लागतो, जनरेटर बंद पडला तर दुसरा लागतो, तापमानाची नोंद सुट्टीच्या दिवशीही लागते, आणि रात्री दोन वाजता घंटा वाजली तर फोन कोणी उचलायचा हे नावानिशी ठरलेले असावे लागते. निधीच्या अर्जात या गोष्टींना एक ओळ मिळते.

जपलेल्या नमुन्यांची खरी गरज लागण झाल्यावर भासते. जोडीदार बाधित झाला म्हणजे तो याच जोडप्यातील दुसऱ्याकडून झाला, असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी दोघांच्या विषाणूंच्या पोल जनुकाचा क्रम वाचून त्यांचे नाते तपासले जाते. एकाच शहरातील अनेक रुग्णांचे विषाणू एकमेकांसारखे असू शकतात, म्हणून त्याच केंद्रातील इतर, संबंध नसलेल्या व्यक्तींच्या विषाणूंशीही तुलना करावी लागते. ३९ पैकी २८ लागणी जोडीदाराकडूनच झाल्याचे या पद्धतीने सिद्ध झाले. ही तपासणी झाली नसती तर उरलेल्या लागणींनी औषधाचा खरा परिणाम झाकोळला असता. तिची दुसरी बाजूही विसरता येत नाही. एखाद्या घरातील लागण बाहेरून आली आहे, ही माहिती हाती पडली की ती कुणाला, कशी सांगायची किंवा सांगायचीच नाही, याचा निर्णय नमुना घेण्याच्या आधी, संमतीच्या वेळीच झालेला असावा लागतो.

एक चाचणी, दोन संमती

सामान्य औषध चाचणीत एक रुग्ण असतो. येथे एक बाधित आणि एक निरोगी अशी दोन माणसे होती, दोघांनी आपापली स्वतंत्र संमती द्यायची होती, आणि आपल्या तपासणीचा निकाल एकमेकांना सांगण्याची दोघांची तयारी असणे ही प्रवेशाची अट होती. ही अट कागदावर एका वाक्याची असली तरी आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात तिचा भार फार मोठा असतो. नवरा बाधित आहे हे बायकोला कळणे वेगळे आणि सासूला कळणे वेगळे. बायको बाधित आणि नवरा निरोगी असेल तर तिला माहेरी पाठवून देण्याची भीती खरी असते, आणि त्या भीतीपोटी ती ‘हे म्हणतील तसं’ असे उत्तर देते. असे उत्तर मिळाले की समुपदेशक ताईंनी तेथेच थांबले पाहिजे आणि तिच्याशी एकटीने, दार लावून, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलले पाहिजे. नोंदणीचा आकडा वाढवण्याची घाई असलेल्या केंद्रात हे थांबणे होत नाही, म्हणून केंद्राच्या कामगिरीचे मोजमाप फक्त नोंदणीच्या वेगावर ठेवणारे जाळे स्वतःच्याच संमतीपत्राला कमजोर करते.

कोणते जोडपे कोणत्या गटात जाईल हे डॉक्टर ठरवणार नाहीत, तुम्हीही ठरवणार नाही, संगणक ठरवणार आहे, हे मराठीत समजावून सांगणे वाटते तितके सोपे नाही. आपल्याकडे रुग्ण डॉक्टरांकडे येतो तो ‘तुम्ही सांगाल तसं’ म्हणत. डॉक्टरांनाच माहीत नाही म्हणून ही चाचणी आहे, हे त्याला ऐकवणे म्हणजे त्याच्या विश्वासाची बैठकच बदलणे आहे. त्यानंतर येणारा प्रश्न ठरलेला असतो: ‘आमच्या वाट्याला उशिराची गोळी आली तर?’ त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर एकच होते, की औषध लवकर घेण्याचे फायदे आणि त्रास यांची तुलना अजून झालेली नाही, तुमच्यावर दर भेटीत लक्ष ठेवले जाईल, गरज दिसताच औषध मिळेल आणि तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता. हे उत्तर ज्याला समजले नाही त्याची सही घेऊ नये. संमतीपत्र परत मराठीतून इंग्रजीत करून मूळ मसुद्याशी ताडण्याची पद्धत चांगली आहे, पण भाषा बरोबर असणे आणि माणसाला उमजणे यांत अंतर राहते, आणि ते अंतर भरून काढण्यासाठी प्रत्येक केंद्रात स्थानिक लोकांचे समुदाय सल्लागार मंडळ ठेवण्याची जाळ्याची अट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. बाधित व्यक्ती, वस्तीत काम करणारे कार्यकर्ते, वकील, शिक्षक अशी माणसे मसुदा वाचतात तेव्हा कोणता शब्द घाबरवतो आणि कोणता खोटी आशा लावतो, हे त्यांना तत्काळ दिसते.

सुरुवातीला दर महिन्याला आणि नंतर दर तीन महिन्यांनी भेट द्यायची, आणि तीही दोघांनी, म्हणजे हातावर पोट असलेल्या घरात दोन रोज बुडवायचे. साताऱ्याहून किंवा नगरहून एसटीने येऊन पुन्हा भोसरी गाठायची तर दिवस त्यातच जातो. प्रवासखर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई किती असावी, हे नैतिकता समितीने ठरवायचे असते. ती इतकी कमी नको की गरीब माणूस तुटेल आणि इतकी जास्त नको की पैशासाठी तो धोका पत्करेल. भेट चुकली तर फोन कोणत्या नावाने करायचा, घरी गेलो तर शेजाऱ्यांना काय सांगायचे, पाकिटावर संस्थेचे नाव छापायचे की नाही, या बारीकसारीक गोष्टी प्रत्येक सहभागीकडून आधी विचारून लिहून ठेवाव्या लागतात. २०११ मध्ये सर्व केंद्रे मिळून सुमारे ९० टक्के जोडपी चाचणीत टिकून होती. त्यामागे औषधाइतकीच ही नोंदवही आहे.

मंजुऱ्यांच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे तर संस्थेची नैतिकता समिती, औषध महानियंत्रक आणि परदेशी सहकार्यासाठी आरोग्य मंत्रालयाची छाननी समिती अशा पायऱ्या चढाव्या लागतात, आणि प्रायोजक परदेशी असल्यामुळे तिकडील मंडळांच्या मंजुऱ्या वेगळ्या. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून नोंदणी बंधनकारक झाली, म्हणजे चाचणी चालू असतानाच नियम घडत होते. तेरा केंद्रांपैकी प्रत्येकाची गती वेगळी असते, त्यामुळे सगळी केंद्रे एका दिवशी सुरू होतील असे वेळापत्रक कधीही मांडू नये.

औषधे आणि क्षय

बहुतेक सहभागींना झिडोवुडिन, लॅमिवुडिन आणि एफाव्हिरेन्झ ही जोडणी मिळाली. आपल्याकडील स्त्रियांमध्ये रक्तक्षय आधीच इतका आहे की हिमोग्लोबिन खाली आणणारे झिडोवुडिन सुरू करताना पहिल्या काही महिन्यांत वारंवार तपासणी लागते. एफाव्हिरेन्झ त्या काळी गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत टाळले जाई, आणि लग्नाला दोनतीन वर्षे झालेल्या, घरून मुलासाठी तगादा असलेल्या स्त्रीला हे सांगणे केवळ औषधशास्त्राचे काम नव्हते. त्यात क्षयरोगाची भर. क्षयावरील रिफाम्पिसिनमुळे नेव्हिरापिनची रक्तातील पातळी उतरते आणि प्रोटीज इनहिबिटर गटातील औषधे तर जवळजवळ निरुपयोगी होतात. म्हणून भारतासारख्या देशातील केंद्र जाळ्यात असले की प्रोटोकॉलमध्ये पर्यायी औषधांची वाट ठेवावीच लागते. क्षयाचा भार अत्यल्प असलेल्या देशात बसून प्रोटोकॉल लिहिणाऱ्याला ही गरज आपोआप सुचत नाही, आणि ती सुचवायला मसुद्याच्या टेबलावर पुणे, चेन्नई किंवा मलावीतील ब्लांटायरचा माणूस बसलेला असावा लागतो.

निकालाच्या शोधनिबंधातील ९६ टक्के हा घटीचा आकडा गाजला: जोडीदाराकडून झालेल्या २८ लागणींपैकी २७ उशिरा औषध घेणाऱ्या गटात आणि एकच लवकर घेणाऱ्या गटात होती. त्याच निबंधात फुप्फुसाबाहेरील क्षयाचे रुग्ण लवकर उपचाराच्या गटात ३ आणि उशिराच्या गटात १७ होते. भारतीय वाचकाने या दुसऱ्या जोडीकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते असे मला वाटते, कारण तिचा अर्थ असा की लवकर औषध घेणारा माणूस दुसऱ्याला वाचवतोच, शिवाय स्वतःही वाचतो. या दुसऱ्या कारणासाठी त्याला औषध देणे हे कोणत्याही दवाखान्याचे कर्तव्य ठरते.

उंबरठा हलला तेव्हा

या प्रकरणातील सर्वांत अवघड प्रसंग मात्र निकालापूर्वीचा आहे. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली, आणि मुख्य नोंदणी सुरू झाली त्या सुमारास लक्षणे नसलेल्या व्यक्तीला औषध देण्यासाठी सीडी४ २०० खाली जाण्याची वाट पाहिली जात असे. त्या पार्श्वभूमीवर चाचणीतील उशिराच्या गटाला २५० वर औषध देणे हे प्रचलित पद्धतीपेक्षा थोडे आधीच होते. नोव्हेंबर २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा उंबरठा ३५० वर नेण्याची शिफारस केली. आता २५० ते ३५० मधील माणसाला थांबवून ठेवायचे का, हा प्रश्न जगभरातील नैतिकता समित्यांपुढे एकाच वेळी आला असणार, आणि तो केंद्राच्या पातळीवर एकट्याने सोडवण्याजोगा नाही. एका केंद्राने थांबायचे आणि दुसऱ्याने औषध द्यायचे असे झाले तर तुलना कोसळते, आणि तुलनेसाठी माणसाला अडवून धरले तर संशोधनाचा पायाच ढासळतो. नवी महत्त्वाची माहिती सहभागीला कळवलीच पाहिजे, एवढा नियम निर्विवाद आहे. तो पाळण्याची कार्यपद्धती, म्हणजे किती दिवसांत, कोणत्या भाषेत, कोणाच्या मंजुरीने, ही चाचणी सुरू होण्याआधी लिहिलेली असेल तरच तेरा ठिकाणी एकसारखी पाळली जाते.

गटागटांतील फरक केंद्रांना दिसत नव्हता. प्रत्येक केंद्र आपापले सहभागी पाहत होते, सर्वांचे आकडे सिएटल येथील सांख्यिकी केंद्रात एकत्र होत होते, आणि तुलना पाहण्याचा अधिकार फक्त स्वतंत्र सुरक्षा निरीक्षण मंडळाला होता. या मंडळाने २८ एप्रिल २०११ रोजी आकडे पाहून निष्कर्ष तातडीने जाहीर करण्याची शिफारस केली. चाचणी ठरलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी उत्तर देऊन बसली होती. त्यानंतर उशिराच्या गटातील सर्वांना औषध देऊ करण्यात आले, आणि जोडप्यांचा पाठपुरावा २०१५ पर्यंत चालू राहिला. लागणीतील घटीचा अंतिम आकडा ९३ टक्के आला, आणि बाधित जोडीदाराचा विषाणू औषधाने स्थिरपणे दबलेला असताना त्याच्याकडून एकही लागण आढळली नाही.

नंतरची वर्षे

भारतात सीडी४ न पाहता सर्वांना उपचार देण्याचे धोरण एप्रिल २०१७ मध्ये आले, निष्कर्षानंतर सहा वर्षांनी. या काळात जागतिक शिफारशीही टप्प्याटप्प्याने बदलल्या, औषधांचा खर्च आणि केंद्रांची क्षमता हे प्रश्न खरे होते, आणि त्याचा दोष मी कोणा एकावर ठेवत नाही. तरीही ज्या शहरातील जोडप्यांनी हा पुरावा जगाला दिला त्याच शहरातील इतर जोडपी एवढी वर्षे आकडा उतरण्याची वाट पाहत राहिली, हे दुःख वाटण्याजोगे आहे. राष्ट्रीय कार्यक्रमातील अधिकारी निष्कर्षाच्या दिवशी श्रोते म्हणून येतात. ते पहिल्या मसुद्यापासून सहभागी असतील, तर औषध खरेदीचा अंदाज निष्कर्षाबरोबरच तयार होऊ शकतो.

२०१३ मध्ये भरपाई, नैतिकता समित्यांची नोंदणी आणि संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण यांविषयी कडक नियम आले, आणि परदेशी निधीच्या अनेक चाचण्या भारतात थांबल्या. नियमांची गरज होती, कारण त्याआधी देशात सहभागींचे नुकसान होऊनही भरपाई न मिळाल्याच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या होत्या. एचआयव्हीच्या बाबतीत पुढे चेहऱ्याचे चित्रण वगळून फक्त आवाज नोंदवण्याची तरतूद झाली, आणि ती अत्यंत योग्य होती. ज्या माणसाने पाकिटावर संस्थेचे नाव नको म्हणून सांगितले आहे, त्याला कॅमेऱ्यासमोर बसवणे क्रूर ठरले असते. पण या थांबलेल्या काळात प्रकल्पावर नेमलेल्या लोकांचे काय होते, याकडे कोणी पाहत नाही. प्रकल्प संपला की पद संपते, आणि दहा वर्षे जोडप्यांशी बोलण्याचा अनुभव असलेली समुपदेशक दुसऱ्या कामाला लागते. पुढील चाचणीसाठी नव्याने प्रशिक्षण सुरू होते.

आज पुण्याला मध्यवर्ती ठेवून सांगली, सोलापूर, सातारा आणि नगर येथील एआरटी केंद्रांचे जाळे उभारायचे झाले, तर प्रश्न बदललेले असतील. डोल्युटेग्रेव्हिर या एचआयव्हीवरील औषधावर असलेल्या रुग्णाला क्षय झाला आणि रिफाम्पिसिन सुरू करावे लागले की त्याची मात्रा दिवसातून दोनदा करावी लागते, आणि ही दुसरी गोळी तालुक्याच्या गावात वेळेवर पोहोचते का, हा एकाच केंद्रात न सुटणारा, अनेक ठिकाणी मिळून पाहण्याजोगा प्रश्न आहे. नैतिक परीक्षणाचे काम सोपे झाले आहे, कारण २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी बहुकेंद्री संशोधनासाठी एकत्रित परीक्षणाची वाट दिली आहे. अशा जाळ्यात मी पहिले वर्ष नोंदणीशिवाय ठेवीन. त्या वर्षात सीडी४ आणि व्हायरल लोडचे नमुने सोलापूरहून पुण्याला किती तासांत येतात हे पाहीन, प्रत्येक ठिकाणी समुदाय सल्लागार मंडळ बसवीन, आणि दोन समुपदेशक प्रकल्पाऐवजी रुग्णालयाच्या कायम आस्थापनेवर घेण्याचा करार करून घेईन.

आणि पहिला सहभागी नोंदवण्यापूर्वी शेवटच्या भेटीचा कागद तयार करीन. चाचणी संपल्यावर सहभागी आपल्या गावच्या एआरटी केंद्रात जाईल तेव्हा त्याच्या हातात कोणती औषधे केव्हापासून चालू आहेत, कोणती त्रासामुळे बदलली, सीडी४ आणि व्हायरल लोडचे आकडे काय होते आणि क्षयाचा उपचार झाला का, हे एका पानावर मराठीत लिहिलेले असावे. ते पान त्या केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवून त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यावे, आणि चाचणीतील प्रत्येक औषध सरकारी पुरवठ्यात आहे का, नसेल तर ते किती काळ आणि कोणाच्या खर्चाने दिले जाईल, याचे लेखी उत्तर मिळाल्यावरच संमतीपत्र छापायला द्यावे.